बांध आधी कोणी कोरला?

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. वडील जाऊन वर्ष होत आलं, पण त्यांची लोखंडी पेटी अजून कोणी उघडली नव्हती. आई म्हणाली, "एकदाचं बघून घे, काय काय कागद आहेत ते." सातबारे, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, लाइट बिलं आणि तळाशी एक जाडजूड फाईल. आमच्या आणि काकांच्या बांधाच्या भांडणाची.

गावाकडच्यांना बांधाचं भांडण म्हणजे काय हे सांगायला नको. शहरातल्यांसाठी एवढंच, की दोन सख्ख्या भावांच्या रानामध्ये हातभर रुंदीचा मातीचा उंचवटा असतो, आणि त्यापायी दोन घरं वर्षानुवर्षं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

फाईलमधला पहिला कागद १९९६ सालचा. वडिलांचा अर्ज. 'माझा भाऊ दरवर्षी नांगरटीच्या वेळी बांध कोरून माझ्या रानात सरकत आहे. माझी सर्व जमीन बळकावण्याचा त्याचा हेतू आहे. सामोपचाराची भाषा त्यास समजत नाही. कायद्याचा धाक दाखविल्याशिवाय तो थांबणार नाही.'

संध्याकाळी धाकटा चुलतभाऊ चहाला आला. काका तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून येणं-जाणं हळूहळू सुरू झालंय. त्याला कागद दाखवला. तो काही बोलला नाही. उठून घरी गेला आणि त्यांच्याकडची फाईल घेऊन आला. काकांचा अर्ज, आमच्या अर्जानंतर चार महिन्यांचा. नावं फक्त उलटी. बाकी तेच. भाऊ सरकतोय, सगळी जमीन गिळायचा हेतू आहे, समजुतीची भाषा कळत नाही, धाकच पाहिजे.

आधी आम्ही दोघं हसलो. म्हटलं, अर्ज लिहून देणारा एकच असेल. मग हसू थांबलं.

मी पुण्यात यूपीएससीच्या मुलांना जगाचा इतिहास शिकवतो. शीतयुद्धाच्या पहिल्या तासाला दरवर्षी एक तरी हात वर होतो. "सर, पण सुरुवात नेमकी कोणी केली?" मी इतकी वर्षं तारखा सांगून वेळ मारून नेत आलो. त्या संध्याकाळी ओट्यावर दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि मला दोन जुन्या तारा आठवल्या. एक मॉस्कोहून वॉशिंग्टनला गेलेली, दुसरी वॉशिंग्टनहून मॉस्कोला. त्याबद्दल लिहायचंय, पण आधी थोडं मागं जाऊ.

*

२५ एप्रिल १९४५. जर्मनीत एल्ब नदीच्या काठी टॉर्गाउ गावाजवळ पश्चिमेकडून आलेले अमेरिकन आणि पूर्वेकडून आलेले रशियन सैनिक भेटले. मोडक्या पुलावर हात मिळवताना काढलेला त्यांचा फोटो जगभर गेला. हिटलर आता काही दिवसांचा सोबती होता.

त्यानंतर जेमतेम तीन वर्षांनी, जून १९४८ मध्ये, त्याच दोन फौजा बर्लिनमध्ये एकमेकींसमोर उभ्या होत्या आणि जग तिसऱ्या महायुद्धाच्या भीतीनं श्वास रोखून बसलं होतं. तीन वर्षांत एवढं काय झालं?

पहिली गोष्ट, ही मैत्री मुळात गरजेची होती. रशियात क्रांती झाल्यावर तिथल्या यादवीत अमेरिकेनं आपले सैनिक उतरवले होते. सोव्हिएत सरकारला अमेरिकेनं मान्यता दिली ती थेट १९३३ मध्ये. १९३९ मध्ये स्टॅलिननं हिटलरशी करार करून पोलंड वाटून घेतला, तेही कोणी विसरलं नव्हतं. दोघांना एकत्र आणलं ते हिटलरनं. गरज सरो, वैद्य मरो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथं दोघांचीही तोंडं पोळली होती, पण वेगवेगळ्या दुधानं.

रशियाचं तोंड पोळलं २२ जून १९४१ ला. हिटलरनं करार मोडून हल्ला केला. युद्ध संपेपर्यंत सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली. अमेरिकेची गेली सुमारे चार लाख. या दोन आकड्यांत जो फरक आहे, तोच पुढं दोघांच्या बोलण्यात होता. शिवाय युरोपात दुसरी आघाडी उघडायचं आश्वासन १९४२ पासून मिळत होतं, ती उघडली जून १९४४ मध्ये. तोवर आमची माणसं मरू देत होते, हा संशय स्टॅलिनच्या मनातून गेला नाही. त्यानं धडा घेतला, की आपल्या आणि जर्मनीच्या मध्ये जेवढे देश आहेत ते आपल्या मुठीत पाहिजेत. शत्रू दरवेळी पोलंडच्या सपाट मैदानातून येतो, म्हणून पोलंड आधी.

पश्चिमेचं तोंड पोळलं १९३८ ला म्युनिकमध्ये. हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडू दिला, म्हणजे तो शांत बसेल असं वाटलं होतं. बसला नाही. त्यांनी धडा घेतला, की हुकूमशहाला पहिल्याच पावलाला अडवायचं, हातभर जागाही सोडायची नाही.

आता हे दोन धडे एकमेकांसमोर ठेवून बघा. एक म्हणतोय, सुरक्षित राहायचं तर मला पुढं सरकलंच पाहिजे. दुसरा म्हणतोय, समोरचा सरकला की तो हिटलरच. दोघांनाही धडा शिकवणारा मास्तर एकच होता, आणि तो मरून गेला होता.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टॅलिन बसले. पोलंडमध्ये मोकळ्या निवडणुका होतील असं ठरलं. पोलंडचं सरकार रशियाशी मैत्रीचं असावं, हेही स्टॅलिननं गृहीत धरलं. कागदावर दोन्ही गोष्टी शेजारी बसल्या. प्रत्यक्षात बसणं अवघड होतं, कारण १९३९ ची फाळणी आणि १९४० मध्ये कातीनच्या जंगलात मारलेले पोलिश अधिकारी यानंतर मोकळं मतदान झालं असतं तर पोलिश माणसानं स्टॅलिनच्या मित्राला मत दिलं नसतं. हे स्टॅलिनलाही कळत होतं. म्हणून जानेवारी १९४७ मध्ये निवडणूक झाली ती विरोधकांना तुरुंगात टाकून आणि निकाल फिरवून.

हे स्पष्ट सांगतो, कारण "दोघंही सारखेच" म्हणून हात झटकणं सोपं असतं. सारखे नव्हते. दोघांची भीती खरी होती, पण त्या भीतीपोटी वॉर्सा, बुखारेस्ट, सोफियामध्ये जे झालं ते पॅरिस किंवा रोममध्ये झालं नाही.

इकडून काय झालं? १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले. आलेले ट्रुमन उपाध्यक्ष म्हणून तीन महिनेही काढलेले नव्हते, अणुबॉम्बचा सगळा तपशील त्यांना अध्यक्ष झाल्यावर कळला. मे महिन्यात युरोपातलं युद्ध संपताच रशियाला जाणारी युद्धकाळातली मदत तडकाफडकी थांबवली गेली. काही जहाजं तर समुद्रातून परत फिरवली. पुढं ती चूक थोडी सावरली, पण जायचा तो संदेश गेला. जुलैमध्ये पोट्सडॅमला ट्रुमननी स्टॅलिनला जाता जाता सांगितलं, आमच्याकडे एक मोठं संहारक नवं हत्यार आहे. स्टॅलिनचा चेहरा हलला नाही. त्याच्या हेरांनी त्याला आधीच सांगितलं होतं. म्हणजे मित्रानं लपवलं आणि मित्राच्या घरात आपली माणसं पेरावी लागली, हे दोघांनाही एकाच वेळी पुढं आलं.

*

आता त्या तारा.

२२ फेब्रुवारी १९४६. मॉस्कोच्या अमेरिकन वकिलातीत जॉर्ज केनन नावाचा अधिकारी आजारी होऊन अंथरुणात होता. वॉशिंग्टननं विचारलं होतं, हे रशियन असं का वागतात? त्यानं पडल्या पडल्या उत्तर सांगितलं आणि ते हजारो शब्दांचं झालं. इतिहासात त्याला 'लांब तार' म्हणतात. सार असं. क्रेमलिनच्या वागण्याच्या मुळाशी रशियाची जुनी असुरक्षितता आहे. ही माणसं युक्तिवादाला दाद देत नाहीत, बळाची भाषा मात्र त्यांना लगेच कळते. ठाम उभं राहिलं की ती मागं हटतात, त्यासाठी युद्ध करायची गरज नाही.

पंधरवड्यात, ५ मार्चला, चर्चिलनं अमेरिकेत फुल्टनला भाषण करून युरोपावर पोलादी पडदा उतरल्याचं जाहीर केलं. ट्रुमन व्यासपीठावर बसलेले. स्टॅलिननं काही दिवसांत 'प्रावदा'मधून चर्चिलची तुलना हिटलरशी केली. बघा, दोघांनाही हिटलरच दिसतोय.

मग २७ सप्टेंबर १९४६. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत निकोलाय नोविकोव्ह यांनी मॉस्कोला अहवाल पाठवला. अमेरिकेतलं भांडवल जगावर वर्चस्व मिळवायला निघालं आहे. लष्करावरचा खर्च बघा, स्वतःच्या किनाऱ्यापासून हजारो मैलांवर उभारलेले तळ बघा. हे सगळं आपल्याविरुद्धच्या युद्धाची तयारी म्हणून चाललंय. परराष्ट्रमंत्री मोलोतोव्हनं वाचताना ठिकठिकाणी खाली रेघा ओढल्या.

दोन राजधान्यांत बसलेले दोन हुशार अधिकारी आपापल्या सरकारला तेच सांगत होते. समोरच्याला सगळं पाहिजे आहे. केननची तार पुढच्याच वर्षी लेखाच्या रूपात जगापुढं आली. नोविकोव्हची १९९० मध्ये उजेडात आली. म्हणजे दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचायला जगाला ४४ वर्षं लागली. आमच्या घरात जवळपास तीस लागली.

यात खोटं कोण बोलत होतं? दुर्दैव असं, की फारसं कोणीच नाही. तळ खरंच होते. निवडणुका खरंच फिरवल्या जात होत्या. चूक तपशिलात नव्हती, हेतू ओळखण्यात होती. समोरच्याचं एखादं पाऊल भीतीपोटी पडलेलं असू शकतं, ही शक्यताच दोघांनी हळूहळू कागदावरून काढून टाकली. केननच्या तारेत निदान रशियाच्या भीतीचा उल्लेख होता. पण वाचणाऱ्यांनी बळाच्या भाषेचं वाक्य उचललं, भीतीचं सोडून दिलं.

*

१९४७ साल आलं, आणि इथं आपला संबंध येतो. त्या हिवाळ्यात ब्रिटन पार खंगलं होतं. बर्फ, कोळशाची टंचाई, तिजोरीत खडखडाट. २० फेब्रुवारीला पंतप्रधान ॲटलींनी जाहीर केलं, जून १९४८ पर्यंत आम्ही हिंदुस्थान सोडतो. दुसऱ्याच दिवशी ब्रिटननं अमेरिकेला कळवलं, ग्रीस आणि तुर्कस्तानचा भार आता आम्हाला झेपत नाही. आपण स्वातंत्र्याचा इतिहास एका धड्यात शिकतो आणि शीतयुद्ध दुसऱ्या, पण एकच म्हातारं साम्राज्य एकाच आठवड्यात दोन्ही ओझी खाली ठेवत होतं.

ट्रुमननी १२ मार्चला संसदेपुढं ४० कोटी डॉलर मागितले. मागताना नुसतं ग्रीसचं नाव घेतलं नाही, जगापुढं दोन जीवनपद्धती आहेत अशी मांडणी केली. ग्रीसमधल्या बंडखोर कम्युनिस्टांमागं स्टॅलिनच आहे असं वॉशिंग्टननं धरलं होतं. प्रत्यक्षात त्यांना मदत मुख्यतः युगोस्लाव्हियाच्या टिटोकडून होत होती. स्टॅलिननं १९४४ मध्येच चर्चिलसोबत बसून एका चिठ्ठीवर टक्केवारी ठरवली होती, रुमानिया ९० टक्के माझा, ग्रीस ९० टक्के तुमचा. हा शब्द तरी तो बऱ्यापैकी पाळत होता. बंडखोरांच्या नादी लागायची त्याची तयारी नव्हती. पण ते ऐकायच्या मनःस्थितीत आता कोण होतं?

५ जूनला मार्शल योजना आली. पडझड झालेल्या युरोपला उभं करायला पुढच्या चार वर्षांत सुमारे १३०० कोटी डॉलर गेले. योजना चांगलीच होती, युरोप त्यावर उभा राहिला. आमंत्रण रशियालाही होतं. मोलोतोव्ह पॅरिसला गेला आणि काही दिवसांत बैठक सोडून परतला. चेकोस्लोव्हाकियानं आधी हो म्हटलं होतं, स्टॅलिननं त्यांच्या मंत्र्यांना मॉस्कोला बोलावून नकार द्यायला लावलं. डॉलर आला की मागोमाग अमेरिका येणार, आपला बांध गेला, हे त्याचं गणित. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सगळी सत्ता घेतली. आता पश्चिमेत उरलासुरला संशयही संपला. तो आपला बांध वाचवत होता, ते म्हणाले घरात शिरला.

मग बर्लिन. शहर रशियाच्या ताब्यातल्या भागात, पण चौघांत वाटलेलं. जून १९४८ मध्ये पश्चिमेनं आपल्या भागात नवं चलन आणलं. २४ जूनला स्टॅलिननं रस्ते, रेल्वे, कालवे बंद केले. वीस लाखांवर माणसं अडकली. आणि इथं मात्र दोघंही थोडे शहाणे वागले. रणगाडे घालून रस्ता मोकळा करू असं सुचवणारे अमेरिकेत होते, ट्रुमननी विमानं निवडली. पीठ, दूध भुकटी, औषधं, कोळसा, सगळं वरून. सुमारे २ लाख ७७ हजार फेऱ्या. एप्रिल १९४९ मध्ये एका दिवशी १,३९८ फेऱ्या झाल्या, म्हणजे मिनिटाला जवळपास एक विमान. स्टॅलिनला ती पाडता आली असती. त्यानं पाडली नाहीत. १२ मे १९४९ ला नाकेबंदी उठली.

पण तोवर कुंपणाचे खांब रोवले गेले होते. एप्रिलमध्ये १२ देशांची 'नाटो' झाली. ऑगस्टमध्ये रशियानं अणुबॉम्बची चाचणी केली. वर्ष संपायच्या आत जर्मनीचे दोन देश झाले. यापुढचे ४० वर्षांचे निर्णय बरेचसे या खांबांनीच घेतले.

केनन १०१ वर्षं जगला. मी म्हटलं होतं राजकीय आणि आर्थिक उपायांनी आवर घाला, यांनी त्याचं नुसतं लष्कर करून टाकलं, अशी त्याची तक्रार आयुष्यभर राहिली.

*

मग सुरुवात कोणी केली? पुढच्या बॅचला आता मी असं सांगणार आहे. जास्त दोष कोणाचा, याचं उत्तर देता येतं, आणि द्यायलाही पाहिजे. पूर्व युरोपातल्या माणसांना विचारा, ते लगेच देतील. पण भांडण वाढलं का, याचं उत्तर त्यात मिळत नाही. वाढलं, कारण एकाची प्रत्येक खबरदारी दुसऱ्याला पुरावा वाटत गेली.

आमच्याकडे २००३ मध्ये मोजणी झाली होती. एका कोपऱ्यात आम्ही त्यांच्यात दीड हात निघालो, दुसऱ्या कोपऱ्यात ते आमच्यात चार हात. म्हणजे काकांचं जास्त होतं. पण वडिलांनी ते दीड हात कधी कबूल केले नाहीत, म्हणून काकांनी चार हात सोडले नाहीत. आणि या सगळ्यात सामाईक विहिरीचा गाळ २० वर्षं कोणी काढला नाही, कारण अर्धा खर्च आधी कोण देणार? उन्हाळ्यात दोन्ही रानं सारखीच वाळली. त्या मोठ्या भांडणातही किंमत वॉशिंग्टन आणि मॉस्कोपेक्षा जास्त मोजली कोरियानं, व्हिएतनामनं, अंगोलानं, अफगाणिस्ताननं.

हल्ली कुठंही युद्ध पेटलं की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पाच मिनिटांत दोन गट पडतात. समोरच्याला सगळंच पाहिजे असतं, त्याला एकच भाषा कळते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते वाचताना मला आता तहसीलच्या त्या पिवळ्या कागदांचा वास येतो.

आणि मी स्वतः काही वेगळा नाही, हेही सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रानात गेलो तर बांधालगत चुलतभावाच्या बाजूला सिमेंटचे पंधरा-वीस नवे खांब रचून ठेवलेले. काल संध्याकाळी चहा पिताना हा काही बोलला नाही! छातीत धस्स झालं. शेजारचे अण्णा म्हणालेच, "त्याच्या मनात काहीतरी असणार. तू आधी अर्ज टाकून ठेव." आणि खरं सांगतो, मोबाईल काढून मी ओळखीच्या वकिलाचा नंबर शोधायला लागलो होतो. इतकी वर्षं हेच शिकवणारा मी.

वॉशिंग्टन आणि मॉस्कोमध्ये थेट संपर्काची लाइन पडली ती १९६३ मध्ये, क्यूबावरून जग जळता जळता वाचल्यावर. तीही टेलिप्रिंटरची. माझ्या हातात फोन होता आणि माणूस हाकेच्या अंतरावर होता.

त्याला फोन केला. "अरे, ते खांब कशाला आणलेत?"

"गोठ्याला, दादा. पावसाआधी करायचाय. ट्रॅक्टर पुढं जात नव्हता म्हणून तिथं उतरवले. का?"

"काही नाही, सहज."

खरं सांगत असेल. नसेलही. पुढच्या आठवड्यात हद्दीच्या मोजणीचा अर्ज टाकतोय, एकच, दोघांच्या सहीनं. आमचे दीड हात मी आधी सोडणार आहे. त्याचं तो बघेल.